चाक सपाट का नसतं?

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पोळा जवळ आला होता आणि मातीच्या बैलांसाठी मला लाकडाचा गाडा करायचा होता. काकानं कडुनिंबाचा एक ओला ओंडका करवतीनं कापून बोटभर जाडीच्या चार चकत्या काढून दिल्या. मधे भोकं पाडली, आस घातला, गाडा अंगणात फिरला. दोन-तीन दिवस तो उन्हात राहिला आणि चारही चाकं तडकली. प्रत्येक चाकात मधल्या भोकापासून कडेपर्यंत एकच रुंद चीर, कलिंगडाची बारीक फोड काढून नेल्यासारखी. तडकलेली चाकं घेऊन मी गावातल्या सुतारांकडे गेलो. त्यांनी एक चकती हातात फिरवली आणि म्हणाले, "खोडाची चकती म्हंजे चाक न्हवं बाळा. चाक जोडावं लागतं."

का जोडावं लागतं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते हातानं ठाऊक होतं. मला त्याचं कारण फार उशिरा, एका इंग्रज माणसाच्या पुस्तकात सापडलं. त्याच्याकडे येण्याआधी लाकडाचा स्वभाव समजून घेऊ, कारण चाकाची सगळी घडण त्या स्वभावातून आली आहे.

लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी समजा. झाडाच्या उंचीच्या दिशेनं लांबच लांब नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. पेंढी उभी ओढून तोडायला जा, तुटत नाही. पण तिच्यात विळा उभा घातला की ती सहज दुभंगते. लाकडाचंही तसंच. उभ्या रेषांच्या दिशेनं ते कमालीचं बळकट, रेषांना आडव्या दिशेनं कमजोर. शिवाय या नळ्यांच्या भिंती पाणी धरून ठेवतात. ओलं लाकूड वाळायला लागलं की आधी नळ्यांच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं, तोवर लाकडाचं माप बदलत नाही. कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के एवढं पाणी उरलं की भिंतींमधलं पाणी जायला लागतं आणि तिथून लाकूड आवळू लागतं. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात तेच दार सैल होतं, ते याच भिंतींमुळे.

गंमत अशी की लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आवळत नाही. उंचीत ते जवळपास आवळतच नाही, फार तर हजारात एक-दोन भाग. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत बऱ्यापैकी आवळतं, आणि वर्षवलयांच्या गोलाईच्या दिशेत त्याच्या जवळपास दुप्पट. सागवान हे कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेलं. तरीही ओल्या सागाला भट्टीत पूर्ण कोरडं केलं तर तो केंद्राकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेत सुमारे ५.८ टक्के आवळतो.

आता चकतीकडे पाहा. त्रिज्या २.५ टक्क्यांनी कमी होतेय, पण परिघाला ५.८ टक्क्यांनी कमी व्हायचंय. वर्तुळाचं गणित हे मान्य करत नाही. दोन फूट व्यासाच्या चकतीचा परीघ १९० सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे पूर्ण वाळताना त्यात सहा सेंटिमीटरची तूट येते. ती तूट कुठेतरी फट होऊन उघडते. माझ्या गाड्याच्या चाकांत उघडली ती हीच. शिवाय चकतीतल्या नळ्या आसाच्या दिशेनं उभ्या असतात, त्यामुळे भार नेमका तिच्या कमजोर बाजूवर येतो आणि कडेचे तुकडे बिस्किटासारखे सुटतात.

जुन्या लोकांनी हे फार लवकर ओळखलं. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत २००२ साली एक लाकडी चाक सापडलं. ते सुमारे ५,१५० वर्षांपूर्वीचं आहे आणि आज हाती असलेल्या सगळ्यात जुन्या लाकडी चाकांपैकी एक. तेही ओंडक्याची चकती नाही. ॲश या युरोपीय झाडाच्या दोन उभ्या चिरलेल्या फळ्या शेजारी ठेवून त्यांना ओकच्या आडव्या पट्ट्यांनी बांधलंय. आपल्या दायमाबादला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. त्यातल्या दोन बैलांच्या गाडीची चाकंही भरीव आहेत, आरे, म्हणजे मधून कडेपर्यंत जाणारे दांडे, नसलेली. फळ्या जोडून केलेलं भरीव चाक चांगलं टिकतं. त्याची अडचण एकच, ते जड असतं. वजन कमी करायचं तर मधलं लाकूड काढून टाकायला हवं, आणि तिथून आऱ्यांच्या चाकाची कथा सुरू होते.

आता तो इंग्रज माणूस. जॉर्ज स्टर्ट, जन्म १८६३, इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या फार्नम गावचा. तो शाळेत शिकवत होता. घरचा धंदा गाड्या आणि चाकं करण्याचा. १८८४ साली वडील गेले आणि विशीतला हा मास्तर कारखान्याचा मालक झाला. हाताखाली मुरलेले कारागीर होते आणि त्याला स्वतःला धंद्यातलं फारसं कळत नव्हतं. म्हणून तो विचारत राहिला, पाहत राहिला, स्वतः हत्यार धरून शिकत राहिला. जवळपास चाळीस वर्षांनी, १९२३ साली, त्यानं ते सगळं 'द व्हीलराइट्स शॉप' या पुस्तकात लिहून काढलं. तोवर मोटारी आल्या होत्या आणि धंदा मरणपंथाला लागला होता. १९२७ साली तोही गेला.

जुन्या धंद्यांवर त्याच्याही आधी पुस्तकं निघाली होती. लंडनच्या जोसेफ मॉक्सननं सतराव्या शतकाच्या अखेरीस लोहारकाम, सुतारकाम, खराद अशा कामांवर हप्त्याहप्त्यानं लिहिलं. फ्रान्सच्या रुबोनं १७६९ पासून सुतारकामाचा शेकडो चित्रांचा ग्रंथ काढला, आणि तो स्वतः सुतार होता. ही पुस्तकं अमोल आहेत, पण त्यांचा रोख काम कसं करायचं यावर आहे. स्टर्टला मी वेगळ्या पंगतीत बसवतो, कारण तो प्रत्येक गोष्टीपाशी थांबून 'असंच का?' विचारतो. आत असलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही आणि बाहेरच्याला विचारायची सोय नसते. स्टर्ट बरोबर उंबऱ्यावर उभा होता.

त्याच्या कारखान्यातलं एक चाक जोडून पाहू.

मध्यभागी तुंबा, म्हणजे आस ज्यात बसतो तो लाकडी ठोकळा. तो एल्मच्या लाकडाचा. का? तुंब्याला भोवताली दहा, बारा किंवा चौदा खोल चौकोनी खाचा पाडायच्या आणि त्यांत आरे घणानं ठोकून बसवायचे असतात. सरळ रेषांचं लाकूड पहिल्या दोन-तीन घावांतच उभं फुटेल. एल्मच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ते चिरायला गेलं तरी चिरत नाही. जळणासाठी एल्म फोडणारा माणूस त्याला शिव्या देतो, आणि चाक करणारा नेमक्या त्याच दोषासाठी ते शोधत फिरतो. तुंब्याचे ओंडके वर्षानुवर्षं सावलीत वाळत ठेवायचे. तुंबा नंतर आवळला तर खाचा सैल पडणार, म्हणून तिथे घाई चालत नाही.

आरे ओकचे, तेही करवतीनं कापलेले नाहीत, फोडलेले. हा फरक फार मोलाचा आहे. बुरूड बांबू चिरतो तेव्हा पातं धाग्याच्या मागून जातं, धागा जिकडे वळेल तिकडे. करवत मात्र सरळ रेघ धरते आणि वाटेत येणारा प्रत्येक तिरपा धागा कापून टाकते. फोडलेल्या आऱ्यात तुंब्यापासून कडेपर्यंत धागे अखंड असतात, म्हणून तो बारीक असूनही भार घेतो. फोडलेला तुकडा मग कुऱ्हाडीनं ओबडधोबड घडवायचा, दोन मुठींच्या ओढायच्या सुऱ्यानं आकाराला आणायचा आणि शेवटी एका लहान रंध्यानं गुळगुळीत करायचा. या रंध्याचं इंग्रजी नावच 'स्पोकशेव्ह', म्हणजे आरा तासणारा.

बाहेरचा घेर ॲशचा. ॲश चिवट आणि लवचीक, हिसका सोसणारं. पण घेर गोल आणि लाकूड सरळ. गोल तुकडा कापला की त्याच्या टोकांजवळ धागे तिरपे तुटतात आणि तिथे तो कच्चा होतो. तुकडा जितका लांब, तितकी टोकं कच्ची. म्हणून घेराचे तुकडे आखूड ठेवतात, एका तुकड्यात दोनच आरे. जुन्या इंग्रजी चाकात आऱ्यांची संख्या सम असते ती यामुळे. बारा आरे, तर घेराचे सहा तुकडे. फार्नमचे लोक आणखी एक करत. लाकूड विकत घेताना मुळातच वाकलेली झाडं हेरून ठेवत, म्हणजे घेराच्या वळणाबरोबर धागाही वळतो.

हे लाकूड चिरायचं कसं? जमिनीत माणूसभर खोल खड्डा, वर आडवा ओंडका. एक करवत्या ओंडक्यावर उभा, दुसरा खड्ड्यात. वरचा रेघ सांभाळतो, खालचा दिवसभर तोंडावर भुसा झेलतो. स्टर्टनं या करवत्यांवर मन लावून लिहिलं आहे.

आता मथळ्यातला प्रश्न. एवढं करून चाक जोडलं की ते सपाट नसतं. बशीसारखं खोलगट असतं. आरे तुंब्यात थोडे तिरपे बसवतात, सगळे एकाच कोनात, बाहेरच्या बाजूला झुकलेले. बाजूनं पाहिलं तर तुंबा आत, गाडीकडे, आणि घेर बाहेर. कोन चुकू नये म्हणून तुंब्याला एक मापकाठी जोडून प्रत्येक आरा तिच्याशी पडताळायचा. एवढा खटाटोप कशासाठी? सपाट चाक करायला सोपं आणि डोळ्याला सरळ. स्टर्टलाही हे कोडं पडलं होतं, आणि कारागिरांकडे उत्तर नव्हतं. चाक असंच करतात, एवढंच त्यांना माहीत. उत्तर होतं घोड्याच्या चालीत.

घोडा चालताना सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक पावलागणिक त्याचं अंग डावीकडे-उजवीकडे झोके घेतं. दांड्यांमधून तो झोका गाडीला मिळतो आणि भरलेली गाडी संथपणे हेलकावत राहते. म्हणजे चाकावर नुसता वरून भार नसतो. दर पावलाला आस तुंब्याला आडवा धक्का देतो, एकदा या चाकाच्या दिशेनं, एकदा त्या. दिवसातून हजारो वेळा. सपाट चाकाचे आरे या आडव्या धक्क्यापुढे निराधार असतात. ते खाचांत हलू लागतात, खाचा रुंदावतात आणि चाक खिळखिळं होतं.

छत्री डोळ्यांपुढे आणा. वारा टोकाकडून, म्हणजे फुगीर बाजूनं आला, तर छत्री टिकते. काड्या पसरायला बघतात, पण ताणलेलं कापड त्यांना पसरू देत नाही. वारा पोकळ बाजूनं शिरला की छत्री उलटी होते. खोलगट चाक म्हणजे अशी छत्री, जिचं टोक गाडीकडे आहे. गाडी बाहेर झुकली की तुंबा बाहेर ढकलला जातो, आरे पसरायला बघतात आणि घेरावर चढवलेलं लोखंडी कडं, म्हणजे धाव, कापडासारखी त्यांना आवळून धरते. जितका जोरात धक्का, तितकं चाक घट्ट. मग पोकळ बाजूनं धक्का आला तर? तो यायच्या वेळी गाडी दुसरीकडे झुकलेली असते, आणि त्या बाजूचं चाक टोक आपल्याकडे करून उभंच असतं. एका आसावरची दोन चाकं आळीपाळीनं भार झेलतात.

पण आरे तिरपे असले तर वरचा भार तिरपा येणार नाही का? येईल, म्हणून आसाची टोकं किंचित खाली वळवतात. त्यानं चाक वरच्या अंगानं बाहेर कलतं आणि जमिनीला टेकलेल्या जागेवरचा आरा त्या क्षणी अगदी उभा येतो, खांबासारखा. लाकडी चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा असतो हे लक्षात ठेवायला हवं. सायकलमध्ये उलट असतं. तिथल्या तारा ताणलेल्या असतात, दाब एकट्या तारेला सोसत नाही. वर बाहेर कललेल्या चाकांमुळे गाडीची साटी, म्हणजे माल भरायचा सांगाडा, वरच्या अंगानं रुंद करता येते, माल जास्त मावतो, हा जास्तीचा फायदा. मला या रचनेचं सौंदर्य इथे जाणवतं. एका तिरपेपणातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि शेवटी जमिनीवर सगळं सरळ उभं राहतं.

आता धाव. लोखंडाची पट्टी वळवून, टोकं आगीत सांधून तिचं कडं करायचं. माप घ्यायला मुठीवर बसवलेली लहान फिरती चकती असते. ती आधी चाकाच्या घेरावरून फिरवून फेरे मोजायचे, मग कड्याच्या आतून. कडं मुद्दाम लहान ठेवतात, परिघात इंचभराच्या आसपास, चाकाच्या दमाप्रमाणे कमी-जास्त. लोखंड दर १०० अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. पाच फूट व्यासाच्या चाकाची धाव साधारण ४.८ मीटर लांब. ती ६०० अंशांनी तापवली तर जवळपास साडेतीन सेंटिमीटर वाढते, म्हणजे आता ती चाकाहून मोठी झाली. तेवढ्या वेळात लाल कडं चिमट्यांनी उचलून चाकावर उतरवायचं, घण घालून बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड पेट घेतं, धूर आणि वाफ कोंदते, आणि लोखंड आवळायला लागलं की चाकाचे सांधे कडकड वाजत मिटतात. हा दाब कुठल्याही सरसाला किंवा खिळ्याला द्यायला जमणार नाही.

खोलगटपणाचा आणखी एक उपयोग इथे कळतो. धाव आवळली की आऱ्यांना आत ढकलते, पण आरे लांबीला आवळत नाहीत. त्यांना कुठेतरी सरकायला हवं. सपाट चाक कुठल्या बाजूला वाकेल याचा नेम नसता. तिरप्या आऱ्यांचं चाक ठरलेल्या बाजूलाच आणखी थोडं खोल होतं. म्हणून घेराच्या तुकड्यांमध्ये आधीच थोडी फट सोडतात. फट कमी पडली तर तुकडे एकमेकांना आधी भिडतात, दाब आऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि आरे सैल राहतात. फट जास्त झाली तर चाक नको इतकं खोल होतं. ही फट किती, हे लाकूड किती वाळलंय, चाक केवढं आणि पट्टी किती जाड यावर ठरणार. कारागीर ते डोळ्यानं ठरवत. स्टर्टसारख्या शिकलेल्या माणसालाही तो डोळा पूर्ण कमावता आला असं वाटत नव्हतं, आणि ते त्यानं मोकळेपणानं लिहिलं. त्यानं स्वतःच कारखान्यात यंत्रं आणली, आणि त्यांनी काय नेलं हेही लिहिलं. पट्टीची करवत लाकडाचा धागा बघत नाही, गाठ असो वा वळण, ती सारख्याच वेगानं जाते. लाकूड हाताला जे सांगायचं ते सांगेनासं झालं.

आपल्याकडे या कामाची वाटणी सुतार आणि लोहार अशी होती. तुंबा, आरे, घेर सुताराचा, धाव लोहाराची, आणि धाव चढवायच्या दिवशी दोघं एकत्र. लाकूड बहुधा बाभळीचं, कारण आपल्या काळ्या रानात कठीण आणि चिवट असं तेच हाताशी. हत्यारं वाकस, पटाशी, करवत, गिरमिट. धाव गोवऱ्यांच्या आरात तापायची. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात चाकं वाळून धाव सैल झाली की आजोबा चाकं काढून ओढ्याच्या डोहात टाकायचे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट व्हायची. माझ्या चकत्या ज्या गुणामुळे फुटल्या, त्याच गुणानं आजोबांची गाडी पुढच्या आठवड्याच्या बाजाराला जायची.

१९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहिलं. गावाच्या कारभाराला गाडा म्हणणं आपल्याला किती सहज वाटतं! त्या पुस्तकात बलुतेदार सुतार आहे, त्याचं गावाशी असलेलं देणंघेणं आहे. गाड्याचं चाक कसं जोडावं, हा त्या पुस्तकाचा विषय नव्हता. फार्नमच्या चाकाचा कोनन् कोन आपल्याला वाचायला मिळतो, कारण एका मास्तरानं चाळीस वर्षं पाहून लिहून ठेवलं. बाभळीच्या चाकाचं तसं लिहिणं अजून करता येईल. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून लाकडी चाकं मागे पडली, पण धाव चढवताना पाहिलेली, स्वतः चढवलेली माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांच्यापाशी बसायचं असेल तर वही आणि मोजपट्टी दोन्ही न्या. तुंब्याचा घेर, आऱ्यांची संख्या, खाचेची खोली, घेराच्या तुकड्यांमधली फट, लाकूड किती पावसाळे ठेवलं, हे सगळं विचारा.

आणि कुठल्या वाड्याच्या भिंतीला, शेतघराच्या फाटकाला जुनं चाक टेकून ठेवलेलं दिसलं तर एवढं करा. एक सरळ काठी घेराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी धरा. मग काठीपासून आऱ्यांच्या मुळापर्यंत बोटं घालून पाहा, दोन बोटं जातात की चार, की काठी सपाट टेकते. मग आरे मोजा, घेराचे तुकडे मोजा, आणि एका तुकड्यात किती आरे शिरलेत ते बघा. धावेवर हात फिरवा. कुठेतरी थोडा जाडसर उंचवटा हाताला लागेल. लोहारानं पट्टीची दोन टोकं आगीत एक केली ती जागा.